निळ्या दोऱ्याची मोटार

‘नुसता पुसून ठेव. उघडू-बिघडू नकोस हं ताई, ते तुला जमायचं नाही,’ असं म्हणून भावाने फोन ठेवला, आणि ती फोन कानाला तसाच लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आता यात रागावण्यासारखं काय होतं? कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, बाई, काहीच नाही. भाऊ हसत बोलला होता. घाईत होता बिचारा. उद्या दुकानाला पन्नास वर्षं पुरी व्हायची होती. वडिलांनी काढलेलं वायंडिंगचं दुकान, पंख्यांच्या नि पंपांच्या जळलेल्या मोटारी तांब्याची नवी तार भरून पुन्हा चालत्या करून द्यायचं दुकान. वडील गेल्यावर भावाने ते चालवलं, वाढवलं, वरच्या मजल्यावर शिकवणीचा वर्ग काढला, आणि आता अख्खा बाजार त्याला मास्तर म्हणतो. या मास्तरने वयाच्या तेराव्या वर्षी आपल्या हाताने भरलेली पहिली मोटार उद्या काचेच्या कपाटात बसणार होती, आणि ती मोटार होती हिच्या घरातल्या टेबलपंख्यात. हिच्या लग्नात माहेरहून आलेला पंखा. पाच वाजता तो न्यायला येणार होता. पाटीसुद्धा रंगवून तयार होती. सगळं कसं गोडीगुलाबीने ठरलेलं. पण ते ‘तुला जमायचं नाही’ कानात खडा जावा तसं आत जाऊन बसलं होतं, आणि काही केल्या निघत नव्हतं.

तिने फडकं घेतलं. पुसायचा म्हणजे आधी चालतो की नाही ते तरी बघावं, म्हणून बटण दाबलं. पंखा नुसता गुरगुरला. पात्याला बोटाने ढकललं, तर पातं बोटाएवढंच सरकलं आणि थांबलं. गेले चार-पाच महिने तो असाच ओढत ओढत चालला होता, आणि आज, बरोबर आजच, त्याने मान टाकली होती. खिडकीजवळच्या खाटेवर बसून आई शेंगा सोलत होती. गुडघे गेल्यापासून आई इथेच, लेकीकडे. मुलाच्या घरी वर्गाच्या पोरांचा राबता, जिना चढायला लागतो, वगैरे वगैरे. ‘तो येईल तेव्हा बघेल गं,’ आई म्हणाली. ‘त्याचं काम आहे ते. तू कशाला त्यात हात घालतेस? एखादा तुकडा पडला-बिडला तर उगाच बोलणी खाशील.’ बोलणी! एक्कावन्न वर्षांच्या बाईने स्वतःच्या घरातल्या पंख्याबद्दल बोलणी खायची. तिने प्लग उपटला, पंखा उचलला आणि जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून त्यावर आडवा केला. नवरा दुपारपाळीला गेलेला होता हे बरंच झालं; तो असता तर त्याने स्क्रू-ड्रायव्हर हातातून काढून घेतला असता आणि वर प्रेमाने केला असता तो उद्योग.

जाळी सुटली. मधला नट मात्र हटून बसला. पण हाताने काय केलं बघा: तो आपणहून उलट्या बाजूला फिरला. जगातले सगळे नट डावीकडे फिरवले की सुटतात, पंख्याच्या पात्याचा तेवढा उजवीकडे. नाहीतर चालता चालता आपणच सुटून जाईल. हे तिने कुणाला विचारलं नाही, आठवलंसुद्धा नाही, हाताला माहीतच होतं. पस्तीस वर्षांत एकदाही तिने मोटारीला हात लावला नव्हता, आणि हात मात्र इतकी वर्षं ते राखून बसला होता, कुणाला सांगत नव्हता. तिला हसू यायला हवं होतं. आला तो राग, आणि तो नक्की कुणाचा ते कळेना, म्हणून तिने नट चादरीवर जरा आपटूनच ठेवला.

अकराव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत शाळा सुटली की ती दुकानात. बाबांच्या मागे एक बुटकं स्टूल होतं, ते तिचं. आधी तिला फक्त जळलेली तार ओढून काढायला द्यायचे. मग मोटारीच्या लोखंडी खाचांत कागद बसवायला. मग वेढे मोजायला. आणि बाराव्या वर्षी एकदा बाबांचं बोट कापलं म्हणून दोरा आवळायला बसवलं. खाचांत तार भरून झाली की दोन्ही टोकांना तारांचा जो फुगीर गठ्ठा बाहेर राहतो, तो सुती दोऱ्याने ओवून गाठी मारत आवळायचा असतो, मग त्यावर वॉर्निश. गाठ सैल पडली तर तारा थरथरून एकमेकींना घासतात आणि मोटार जळते. सगळी मदार त्या गाठीवर. आणि ती डावखुरी, त्यामुळे तिची गाठ सगळ्या जगाच्या उलट बाजूला झुकायची. बाबा चष्मा वर करून बघायचे. ‘उलटी पडते,’ म्हणायचे, ‘पण मरेपर्यंत सुटायची नाही.’ आयुष्यात त्यांनी केलेलं तिचं कौतुक एवढंच, आणि ते तिने दोन-तीन वर्षं झोपताना रोज पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. कुणी गिऱ्हाइकाने विचारलं की काम कुणाचं एवढं साफ, की बाबा म्हणायचे, ‘पोराचा हात आहे.’ मागे स्टुलावर बसून ती तोंडावर फ्रॉकची बाही दाबून हसायची. पोरगा तेव्हा रस्त्यावर गोट्या खेळत असायचा. तिला वाटायचं गंमत आहे, बाबांची आणि आपली दोघांचीच. मूर्ख पोरगी. दुसरा शब्द नाही.

मागचं झाकण काढल्यावर मान फिरवायची गिअरपेटी निघाली, ती तिने बाजूला ठेवली. मग पुढच्या बाजूचे चार स्क्रू. आतला फिरणारा भाग, रोटर, ओढून काढायला गेली तर हलेचना. दांडी बुशात चिकटून बसली होती. बुश म्हणजे पितळेची कडी, दांडी जिच्यात फिरते ती; तिच्याभोवती तेल पिऊन बसणारा नमद्याचा तुकडा असतो. तिने दांडीवर लाकडाची पट्टी धरली आणि लाटण्याने हलके हलके ठोकलं. दहा-बारा ठोक्यांनी ती सुटली आणि तिच्याबरोबर तपकिरी, चिवट, डिंकासारखी तार लांबत आली. तिने ती बोटावर घेतली, नाकाशी नेली. मशीनच्या तेलाला असा वास येत नाही. हा वास तिला रोजचा माहीत होता. फोडणीच्या कढईच्या कडेला जमतो तो.

‘आई,’ ती म्हणाली, ‘या पंख्यात कुणी तेल घातलं?’

आईने शेंग सोलायची थांबवली नाही. ‘कुणी म्हणजे? मीच. कुरकुरत होता बिचारा. तू कामावर गेलीस की चार थेंब घालायची. महिन्याकाठी एकदा. आपल्या स्वयंपाकाचंच, चांगलं, गाळून घेतलेलं.’

‘स्वयंपाकाचं तेल? अगं त्याचा डिंक होतो! चिकटून बसतं ते! आयुष्यभर मोटारवाल्याची बायको होतीस ना तू?’

‘मोटारवाल्याची बायको होते, मोटारवाली नव्हते,’ आई म्हणाली. ‘मला दुकानाच्या उंबऱ्याच्या आत कधी घेतलं त्यांनी? डबा द्यायला जायची ती बाहेरच्या बाहेर. तेल घालताना बघायची लांबून. तेल ते तेल. मला कुणी सांगितलं का, हे वेगळं नि ते वेगळं?’ आणि वर जराशी घुश्शात, ‘चांगलं करायला जावं तर हे असं.’

कपाळ! तिने कपाटातून रॉकेलची बाटली काढली, पसरट डबीत ओतलं आणि बुश, नमदा, दांडी त्यात भिजत टाकली. आईवर चिडून उपयोग नव्हता, कारण आईचं खरं होतं. पण खऱ्यावर चिडता येत नाही म्हणून राग कमी होतो असं थोडंच आहे? तो आपला दुसरी जागा शोधतो. तिने जुन्या दाढीच्या ब्रशाने मोटारीची धूळ झाडायला घेतली. काय ती धूळ! एकोणतीस वर्षांची, तेलात भिजून गोधडीसारखी बसलेली. एकोणतीस वर्षं या पंख्याने तिला वारा घातला होता, आणि त्या वाऱ्यावर तिने किती काय सोडून दिलं होतं. लग्नाच्या दिवशी बाबांनी तो समोर ठेवला आणि म्हणाले, ‘तुझ्या भावाने दिलाय. त्याने भरलेली पहिली मोटार आहे यात, जपून वापर.’ एकोणीस वर्षांचा भाऊ बाजूला उभा राहून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. तिला वाटलं लाजतोय. भरून आलं होतं तिला. पुढे जेव्हा जेव्हा भावाचा राग यायचा, तो आईच्या आजारपणात फिरकला नाही तेव्हा, बाबा गेल्यावर न विचारता दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी लावली तेव्हा, तेव्हा तेव्हा ती स्वतःशी म्हणायची, जाऊ दे, आपली पहिली मोटार त्याने मला दिली. पहिली वस्तू माणूस सहज देत नाही. आपली तर पहिली राहिलीच नाही, शेवटचीही जळून गेली.

शेवटचीही जळून गेली. हे वाक्य तिच्या डोक्यात गेली पस्तीस वर्षं असंच, या तीन शब्दांत होतं. सोळावं संपत आलं होतं. पंख्याची एक मोटार तिने एकटीने भरली. वेढ्यांपासून गाठीपर्यंत, बाबांनी मध्ये हात घातला नव्हता. फक्त आवळायच्या वेळी सुती दोरा संपला. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं तर तिच्याच्याने होईना, म्हणून घरी पळत जाऊन आईच्या शिवणाच्या डब्यातला निळा दोरा आणला, दुहेरी केला आणि त्याने सगळी मोटार आवळली. बाबा तापले. हा काय खेळ आहे का, म्हणाले, शोभेची वस्तू आहे का. पण वॉर्निशमध्ये बुडवली त्यांनी ती. आणि आठ दिवसांनी ती शाळेतून आली तेव्हा तिचं स्टूल बाहेर ठेवलेलं. ‘तुझी ती मोटार जळली,’ बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. ‘गिऱ्हाईक तोंडावर फेकून गेलं. राहू दे आता. तुला जमायचं नाही.’ बस्स. आरडाओरडा नाही, मार नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, एखाद वेळी विसरली असती. त्यानंतर ती दुकानात गेली नाही. त्यानंतर गॅस बंद केला की तीनदा बघायची. कुलूप लावलं की चारदा ओढायची. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती तीस वर्षं दुसऱ्यांच्या शिलाया तपासत होती. दहा वर्षांपूर्वी साहेब म्हणाला, मशीन दुरुस्तीकडे या, तुमची नजर चांगली आहे, तर ही पटकन म्हणाली, ‘नको साहेब, मला नाही जमायचं.’ आणि घरी येऊन रात्रभर कूस बदलत पडली.

ब्रश एका जागी अडकला. मोटारीच्या मागच्या टोकाला, तारांच्या गठ्ठ्यावर. मळ झडला होता आणि खाली वॉर्निशचा पिवळसर थर दिसत होता, आणि त्याच्या खाली गाठी. तिने चष्मा घातला. टेबल खिडकीपाशी ओढलं. गाठी एकापाठोपाठ एक, नेटक्या, सारख्या अंतरावर, आणि सगळ्याच्या सगळ्या उलट्या बाजूला झुकलेल्या. वॉर्निशमुळे दोरा हिरवट-काळा दिसत होता. तिने अंगठ्याचं नख घातलं आणि खरवडलं. कपच्या उडाल्या. खाली निळा. आईच्या डब्यातला निळा. दुहेरी.

ती आधी खाली बसली. खुर्ची होती म्हणून खुर्चीत, नसती तर जमिनीवर. जळली नव्हती. नुसती जळली नव्हती असं नाही, पस्तीस वर्षं झिजली नव्हती, हलली नव्हती, एक वेढा काळा पडला नव्हता. उन्हाळेच्या उन्हाळे फिरली होती. रात्र रात्र हिच्याच उशाशी फिरत होती. आणि ही बाई तिच्या वाऱ्यात झोपून स्वप्नात जळक्या तारेचा वास घेत होती, आणि सकाळी उठून भावाचे उपकार मोजत होती. अरे देवा! स्वतःच्या हाताचे उपकार दुसऱ्याच्या नावावर मोजत होती!

‘आई,’ ती म्हणाली. आवाज इतका सरळ आला की तिचं तिलाच नवल वाटलं. ‘ही माझी मोटार आहे. निळ्या दोऱ्याची. ही जळली होती ना?’

आईने या वेळी शेंग खाली ठेवली. बराच वेळ ती टरफलं एका बाजूला आणि दाणे एका बाजूला करत बसली, जी आधीच वेगळी होती. ‘नव्हती जळली,’ मग ती म्हणाली. ‘ज्याचा पंखा होता तो न्यायला आलाच नाही. घर बदलून गेला म्हणे कुठेतरी. मग ह्यांनी तो दुकानात आपल्याच टेबलावर ठेवला. सहा वर्षं होता की तिथे.’

‘मग मला जळली म्हणून का सांगितलं?’

‘तू सोळाची झाली होतीस. दुकानात चार लोक येणार, बसणार. ह्यांना ते बरं दिसेना. सरळ सांगितलं तर तू ऐकणारी नव्हतीस, हट्टी तू. मग म्हणाले, असं सांगतो की आपणहून येणं सोडेल.’ आणि वर, ‘तुझ्या भल्यासाठीच गं.’

‘आणि तुला माहीत होतं.’

‘माहीत म्हणजे… घरात राहिलं की कळतंच माणसाला.’ आणि मग, जखमेवर फुंकर म्हणून की काय, ‘पण बघ ना, लग्नात तोच पंखा तुला दिला. दुसरे काय कमी होते दुकानात? मनातून त्यांना वाटत असणार. तुझी वस्तू तुलाच मिळावी म्हणून…’

‘मनातून!’ ती ओरडली. टेबलावरचे स्क्रू उडाले. ‘मनातून काय करायचंय मला? मनातून वाटत होतं तर तोंडाला काय कुलूप होतं? पस्तीस वर्षं मी गॅसची खुंटी तीन तीनदा बघतेय, आई! मला वाटतं माझ्या हातून सगळं जळणार. आणि ते बसले होते माझ्याच पंख्यासमोर डबा खात! वारा घेत! आणि देताना सुद्धा काय म्हणाले? पोराने भरलाय! मनातून वाटणाऱ्याने निदान देताना तरी खोटं बोलू नये!’

‘गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये.’

‘गेलेल्या माणसाने जिवंत माणसाबद्दल असं बोलावं का?’

समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचे फटके एकसारखे ऐकू येत होते. तिला वाटलं उचलावी ही मोटार आणि खिडकीतून खाली भिरकावून द्यावी. जाऊ दे काचेचं कपाट, जाऊ दे पाटी. हात पुढेही झाला. पण हाताने उचलला तो रॉकेलमधला बुश. तिने तो चिंधीने आतून पुसला, उजेडाकडे धरून आरपार पाहिला, पुन्हा पुसला. दांडीवर बारीक पॉलिश पेपर फिरवला, जोर न लावता, गोल गोल, जोपर्यंत तपकिरी डाग जाऊन पोलाद दिसलं नाही तोपर्यंत. नमदा पिळला, चार पाण्याने म्हणतात तसा चार रॉकेलने धुतला आणि शिलाई मशीनच्या पातळ तेलात बुडवला. ती भराभर करत होती आणि हात एकदाही चुकत नव्हता, आणि जसजसा तो चुकत नव्हता तसतशी ती जास्त संतापत होती. चुकला असता तर बाबा थोडे तरी खरे ठरले असते. हे काम तिला येत होतं. चांगलं येत होतं. भातुकली म्हणून नव्हे, हौस म्हणून नव्हे. पोटापाण्याला पुरेल, चार माणसं शिकवता येतील, इतकं येत होतं. ते तिचं आयुष्य होतं, आणि ते कुणीतरी तिच्या भल्यासाठी काढून घेतलं होतं.

सगळं बसवून स्क्रू आवळले तर दांडी पुन्हा घट्ट. नवशिक्याचा इथे धीर सुटतो, त्याला वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. बुश आतल्या आत किंचित तिरका बसलेला असतो. तिने स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ धरली आणि एका हाताने दांडी फिरवत दुसऱ्याने कडेकडेने टकटक केली. इकडे एक, समोर एक. सातव्या-आठव्या टकटकीला बुश आपल्या जागी गेला आणि दांडी दोन बोटांत भिरभिरली. पातं बसवलं. नट, उलटा. गिअरपेटी, जाळी. मागचं झाकण मात्र तिने लावलं नाही. प्लग घातला, बटण दाबलं, आणि पंखा गुरगुरला नाही, खाकरला नाही, सरळ फिरायला लागला. खाटेवरची टरफलं उडून सगळ्या खोलीभर झाली.

‘झाला की गं,’ आई म्हणाली. तिने टरफलं गोळा केली नाहीत.

पाचाला पाच कमी असताना भाऊ आला. नवा सदरा, कपाळावर घाम, हातात पंखा गुंडाळायला आणलेलं घोंगडं. दारातूनच म्हणाला, ‘अरे वा, चालू केलास? कुणाला बोलावलंस?’

‘कुणाला नाही. मीच उघडला.’

त्याचं तोंड उतरलं. अगदी बघता बघता, दूध ओसरावं तसं. तो पंख्याकडे गेला नाही, आधी त्याने खाटेवर आईकडे पाहिलं, आणि आईने खिडकीबाहेर. मग तो हळूहळू टेबलाच्या मागच्या बाजूला आला, उघड्या मोटारीकडे पाहिलं, खरवडलेल्या निळ्यावर त्याची नजर थांबली. म्हणून उघडू नकोस म्हणत होता तर. म्हणून!

‘तुला माहीत होतं,’ ती म्हणाली.

‘मी तेरा वर्षांचा होतो, ताई.’

‘आता अठ्ठेचाळीसचा आहेस.’

तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. ‘बाबांनी सांगितलं, बोलायचं नाही. लोकांना सांगून बसले होते माझं नाव. मग ते तसंच… एकदा सांगितलं की सांगतच जावं लागतं ना गं. मला कितीदा वाटलं. तुझ्या लग्नात तर वाटलंच. पण आता काय करू सांग. पाटी झालीय. पोरांना सगळ्यांना माहीत आहे. ती पोरं माझ्याकडे कशाला बघून शिकतात? तेराव्या वर्षी मास्तरने…’

‘काय शिकवतोस रे त्यांना?’ तिने विचारलं. टोचायलाच विचारलं. ‘गाठ कशी मारतोस? दाखव बघू.’ आणि शिवणाच्या डब्यातून दोऱ्याचं रीळ काढून त्याच्यासमोर टाकलं.

त्याने दोरा घेतला. खुर्चीच्या दांड्याभोवती ओवला. तो उजव्या हाताचा. पण गाठ मारायच्या वेळी त्याने मनगट असं काही वाकडं केलं, कोपर असं काही छातीशी ओढलं, की बघणाऱ्याचा हात दुखावा. दोरा उलट्या बाजूने आला, वळला, आवळला गेला. तिचीच गाठ. झुकलेली, घट्ट, तिची.

‘हे काय?’ ती म्हणाली.

‘बाबा मला ही मोटार उघडून समोर ठेवायचे. म्हणायचे, अशी गाठ पडली पाहिजे, अशी पडेपर्यंत उठायचं नाही. त्यांना स्वतःला अशी कधी जमली नाही.’ तो दोऱ्याकडेच बघत बोलत होता. ‘मी हिच्यावरूनच शिकलो. मला दुसरी येतच नाही. पोरांनाही हीच शिकवतो. बाजारात तिला मास्तरची गाठ म्हणतात. पोरं रडकुंडीला येतात, मनगटं दुखतात त्यांची. म्हणतात, मास्तर, सरळ का नाही मारायची? मी म्हणतो, नाही, अशीच.’

‘किती पोरं?’

‘आतापर्यंत? दोन-तीनशे असतील.’

पंखा फिरत होता. खोलीत तेवढाच आवाज होता, समोरचे फटके केव्हाच थांबले होते. तिच्या डोळ्यांपुढे एकदम ती सगळी पोरं आली, ओळीने बाकांवर बसलेली, कोपर छातीशी ओढून, मनगटं पिळत, एका सोळा वर्षांच्या डावखुऱ्या मुलीच्या हाताची नक्कल करताना, आणि त्यांना कुणालाच ठाऊक नाही की हे एवढं अवघड का आहे. मोटार चोरली ती चोरली, यांनी तिचा हातही नेला होता, आणि तोही धड वापरता आला नव्हता. क्षणभर तिला त्या पोरांचीच कीव आली. मग ती गेली आणि राग पुन्हा आपल्या जागी येऊन बसला. पण आता त्याला पत्ता होता, आता तो भटकत नव्हता.

भावाने घोंगडं उलगडलं. हळूच, परवानगी मागितल्यासारखं. ‘नेऊ ना, ताई? उद्याचा दिवस जाऊ दे. मग बसून बोलू. मी सांगेन कधीतरी सगळ्यांना, शप्पथ.’

‘खाली ठेव ते,’ ती म्हणाली. ‘पंखा तू नेणार नाहीस. उद्या मी घेऊन येणार. आणि तुझ्या समारंभाला पहिल्या रांगेत बसायला नाही येणार. वर्गातलं एक टेबल मोकळं करून ठेव, एक रिकामी मोटार, तार, कागद. दोरा माझा मी आणते. तुझ्या सगळ्या पोरांना भोवती उभं कर. मी त्यांच्यासमोर मोटार भरणार.’

‘आणि मी काय सांगू त्यांना? तू कोण म्हणून?’

‘काही सांगू नकोस. तुला ते पस्तीस वर्षांत नाही जमलं, एका रात्रीत काय जमणार? तू नुसता उभा राहा. मी डाव्या हाताने गाठ मारीन, त्यांना डोळे आहेत.’

तो घोंगड्याची घडी घालायला लागला, ती चुकली, पुन्हा घालायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. ‘त्यांना लगेच कळेल गं, ताई,’ तो म्हणाला. ‘पहिल्याच गाठीला कळेल.’

‘कळू दे,’ ती म्हणाली.